तंजावरच्या मोडी कागदपत्रांच्या अभ्यासासाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात तेथील धन्वंतरी महाल या वैद्यकीय संस्थेत औषधे कशी तयार होत आणि त्यांवर दरबाराचा खर्च किती होई, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. सरफोजींच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी इंग्रजीत व डोळ्यांच्या चित्रांसह असल्यामुळे वैद्यकाच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे लक्ष दिले. जमाखर्चाचे मराठी कागद मात्र मोडी लिपीत असल्याने ते त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि मोडी वाचणाऱ्या इतिहासकाराला वनौषधींची तमिळ नावे अडतात. ही दरी एकट्याने ओलांडता येईल असे मला वाटत नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहण्यासाठी परवानगीचा अर्ज कसा करावा आणि छायाप्रती मिळतात का, हे तेथे काम केलेल्यांनी कृपया सांगावे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत; ते मूळ कागदांशी ताडून पाहण्यास तमिळ व मराठी दोन्ही जाणणारे, शक्यतो तंजावरी मराठी घरातले, कोणी सहकारी मिळाल्यास फार उपकार होतील. चक्रम, पणम या चलनांतील हिशेब समजावू शकणाऱ्या अर्थेतिहासाच्या अभ्यासकांनीही अवश्य लिहावे.