मुलीनं मन कुणापाशी मोकळं करायचं? सिंधुदुर्गातल्या कॉन्व्हेंट शाळांबद्दल चर्चा

किनारपट्टी

वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात कॅथलिक सिस्टर (जोगिणी) चालवतात त्या मुलींच्या शाळांविषयी बोलायचं आहे. माझी मुलगी अशाच एका शाळेत नववीला आहे. आम्ही हिंदू, तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलीही हिंदू. शाळा आम्ही पारखून घेतली आणि तिथून तिला काढायचा विचार आजही मनात नाही.

गेल्या पालकसभेत एका आईनं विचारलं, मुलींसाठी समुपदेशक का नाही? उत्तर मिळालं, "आमच्याकडे सिस्टर आहेत. मुली त्यांच्याशी सगळं बोलतात." बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते उत्तर पटलेलं नाही.

जिव्हाळा खरा आहे, त्यावर वाद नाही. डबा न आणलेल्या मुलीला गुपचूप खाऊ घालणं, घरात कुणी गेलं तर सिस्टरनी स्वतः चालत तिच्या वाडीवर जाणं, फी थकली म्हणून मुलीला वर्गाबाहेर उभं न करणं, हे सगळं मी पाहिलंय. पण त्याच सिस्टर गैरहजेरी विचारतात, डायरीत शेरा लिहितात, पालकांना बोलावून घेतात, दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरवतात. चौदा वर्षांच्या मुलीला हे पक्कं ठाऊक असतं. नातेवाइकाचा नकोसा स्पर्श, बाबांचं पिणं, मैत्रिणींनी वाळीत टाकणं, स्वतःच्या हातावर ओढलेले ओरखडे, यातलं काहीही ती त्या टेबलासमोर सांगणार नाही. ती सांगते, पोटात दुखतंय. मग ओवा मिळतो, थोडा वेळ पडून राहायला मिळतं आणि विषय तिथंच मिटतो.

हे मी चर्चच्या विरोधात बोलत नाही. उलट चर्चनं हे फार आधी ओळखलंय. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, कलम ९८५ काढून वाचा. सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या) किंवा दुसऱ्या शिक्षणसंस्थेच्या रेक्टरनं, म्हणजे प्रमुखानं, आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा कुमसार, म्हणजे पापनिवेदन, ऐकू नये असं ते सांगतं. विद्यार्थ्यानं आपणहून मागितलं तरच, तेही त्या प्रसंगापुरतं. कलम ६३० धर्मसंघांसाठी आहे. वरिष्ठांनी हाताखालच्या सभासदांना आपल्यापाशी मन उघडं करायला कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये, असं त्यात आहे. ज्याच्या हातात आपली बढती आणि शिक्षा, त्याच्यासमोर माणूस मोकळा होत नाही. सिस्टरांना स्वतःच्या संघात जे संरक्षण आहे, ते आमच्या मुलींना शाळेत का नको?

माझी मागणी एवढीच आहे. शिस्तीच्या साखळीबाहेरची एक प्रशिक्षित बाई, ठरलेल्या वारी, बंद दाराच्या खोलीत.

निवृत्त_बाई

किनारपट्टीताई, मी हिंदू शिक्षिका, उभी हयात सिस्टरांच्या शाळेत गेली. तुमची तळमळ कळते, पण चित्र अपुरं आहे.

समुपदेशक येणार कुठून? कुडाळहून, नाहीतर पार कोल्हापूरहून. आठवड्यातून एक दिवस येणार, तेही पावसात दरड पडली नाही तर. तिला मुलीचं नाव कागद बघून घ्यावं लागणार. सिस्टरना मुलीची आई माहीत असते, आजी माहीत असते, मधल्या सुट्टीत ती एकटी कधीपासून बसायला लागली तेही माहीत असतं. डॉन बॉस्कोंच्या सालेशियन परंपरेत शिक्षणाचे तीन आधार मानतात: विवेक, धर्म आणि प्रेमळपणा. शिक्षकानं मुलांच्यात, मैदानावर असावं, चूक होण्याआधी सोबत असावी, हा त्याचा गाभा. सालेशियन सिस्टरांचा संघ १८७२ मध्ये इटलीतल्या मॉर्नेझे गावी सुरू झाला तो मुलींना हेच मिळावं म्हणून. ही सोबत नेमणूकपत्र देऊन मिळत नाही.

आणि कॅनन लॉचा दाखला इथं लागू होत नाही. एक कलम धर्मगुरूंनी ऐकायच्या कुमसाराबद्दल आहे, तेही त्या संस्थेत राहणाऱ्यांच्या, आणि दुसरं धर्मसंघाच्या सभासदांबद्दल. सिस्टर कुमसार ऐकतच नाहीत. दुपारी घरी जाणाऱ्या मुलीनं सिस्टरजवळ येऊन रडणं ही वेगळी गोष्ट आहे. दाखल्यावर सही करणारीच्या पदरात तोंड खुपसून रडलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांना दाखला आठवला नव्हता.

वसईची_लेक

बाई, ज्या मुली रडल्या त्या तुम्हाला दिसल्या. ज्या आल्याच नाहीत त्यांची मोजदाद कशी करणार?

मी कॅथलिक आहे, वसईची, शिकलेही सिस्टरांकडेच. किनारपट्टी यांनी हिंदू मुलींचं सांगितलं, मला आमच्या मुलींचं सांगायचंय, कारण आमचा पेच जास्त घट्ट आहे. हिंदू मुलगी घरी गेली की शाळा संपते. आमची संपत नाही. वर्गात शिकवणाऱ्या सिस्टर रविवारी धर्मशिक्षणालाही असतात. मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आवारात त्या आईशी बोलताना दिसतात. नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, त्याच, नाताळच्या तयारीला त्याच. त्या आईला काही वाईट सांगत असतात असं नाही, भाताच्या पेजेबद्दलही बोलत असतील. पण लांबून पाहणाऱ्या मुलीच्या पोटात गोळा येतो. जी मुलगी मिस्साला जायचंच नाही म्हणते, देवावरचा विश्वास डळमळलाय म्हणते, तिनं हे कुणाला सांगायचं? तिच्या ओळखीतलं प्रत्येक मोठं माणूस एकाच पॅरिशमधलं, म्हणजे एकाच चर्चच्या लोकांतलं, असतं.

धर्मगुरूला कुमसारातली गोष्ट कधीही, कुणालाही सांगता येत नाही. ते बंधन अभंग आहे. लहानपणी त्या पडद्याआड मला जे बळ मिळालं ते मी विसरणार नाही. पण तिथं मुलगी आपलं पाप सांगते. दुसऱ्यानं तिच्यावर केलेला अन्याय सांगायची ती जागा नव्हे, आणि बऱ्याच मुली तोही स्वतःचंच पाप समजून सांगतात. म्हणून वेगळी खोली हवी.

कुडाळकर

एक मुद्दा सगळेच विसरताय. शाळेतलं सामूहिक जीवन म्हणतो ते घडतं कधी? शेवटच्या घंटेनंतर. गायनवृंद, थ्रोबॉलचा सराव, नाताळच्या नाटकाची तालीम, हाउसची सजावट, वायसीएसची बैठक. वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स) ही विद्यार्थ्यांची चळवळ फार चांगली आहे. पाहा, पारखा, कृती करा, अशा पद्धतीनं मुली आजूबाजूचे प्रश्न हाताळायला शिकतात. पण माझ्या भाचीला यातलं काही मिळत नाही, कारण तिची एसटी सुटते. ती चुकली तर पुढची तिन्हीसांजेला, आणि फाट्यावरून घरापर्यंत जंगलातली वाट.

अहिल्याबाई होळकर योजनेत गावातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, त्याचं मोल मोठं आहे. पण पासानं तिकीट वाचतं, वेळ मिळत नाही. शहरातल्या मुली एकमेकींच्या जिवलग होतात त्या याच वेळात. गाडीच्या मुली दहावीपर्यंत पाहुण्यांसारख्या येतात आणि जातात. शाळेला खरोखर एकोपा हवा असेल तर आठवड्यातले दोन तास वेळापत्रकातच धरा, शेवटच्या घंटेच्या आत. समुपदेशकाआधी हे करा. एकटं पडू दिलं नाही तर निम्म्या मुलींना त्या खोलीत जायची वेळच येणार नाही.

सडेतोड

सगळं ठीक, पण परिपाठाला येशूची प्रार्थना का? मानसिक आरोग्यावर बोलताना यावर कुणी बोलत नाही.

किनारपट्टी

बोलायला हरकत नाही, कायदा स्पष्ट आहे. घटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नको असेल तर लेखी कळवा. मुलीच्या शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. माझ्या मुलीला प्रार्थनेचा त्रास नाही, बारा वाजताच्या प्रार्थनेतली शांतता तिला आवडते. तिला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, म्हणून विषय तिकडे नेऊ नका.

कुडाळकर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. फक्त "आधी" हा शब्द मान्य नाही. दोन्ही एकदम व्हायला हवं.

दहावीची_आई

माझा समुपदेशकाला विरोध नाही, पण गुप्ततेला आहे. माझ्या मुलीला काय होतंय ते आईला न सांगता परकी बाई ऐकून घेणार? माझी सासू हे वाचून म्हणाली, "चेडवाक काय झाला ता आधी आमका कळाक व्हया." तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आणि त्रास कशाचा आहे विचाराल तर निकालाचा. कोकण बोर्ड झाल्यापासून दहावीत राज्यात पहिलं. २०२४ ला ९९.०१ टक्के. अभिमान आहेच. पण जिथं जवळपास सगळेच पास होतात तिथं साठ टक्के मिळवणारी मुलगी तोंड लपवते. शाळाही काय करते, दहावी आली की नाच, गाणं, खेळ बंद. सकाळी जादा तास, सुट्टीत सराव परीक्षा. ज्या वर्षी मुलीला मैत्रिणींची सर्वांत जास्त गरज, नेमकं त्याच वर्षी सगळं काढून घेतात. आणि हे पालक म्हणून आम्हीच मागतो. सभेत उठून "दहावीला खेळाचा तास ठेवा" म्हणायची छाती किती जणींची आहे?

किनारपट्टी

ताई, मी म्हणेन सभेत. तुम्ही सोबत उभ्या राहा.

गुप्ततेचं सांगते. पूर्ण गुप्तता कुणीच देऊ शकत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवावीच लागते, समुपदेशकालाही. मुलीच्या जिवाला धोका असेल तर आईवडिलांना सांगितलंच पाहिजे. चांगली समुपदेशक हे पहिल्याच भेटीत मुलीला सांगते: या गोष्टी मला पुढे सांगाव्या लागतील, बाकीच्या तुझ्या-माझ्यात. मुलीला सीमा आधी कळली की ती फसवली जात नाही. आणि तिला घरी सांगायचं बळ यावं हेच तर त्या बाईचं काम. सासूबाईंना सांगा, कळेल, पण चेडवाच्या तोंडून कळेल.

शाळेच्या_आतून

मी सध्या एका मुलींच्या शाळेत शिकवते, म्हणून व्यवहाराचं बोलते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. राज्याच्या मार्च २०२२ च्या निर्णयानुसार मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही हवी. तेव्हा "हवा की नको" हा वाद आता संपला आहे. "कसा" याच्यावर बोलू.

खोली ऑफिसला लागून नको. आमच्याकडे ती तशीच आहे. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतं कोण आत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत कळतं. यावर मला सुचलेला उपाय असा: आठवीपासून प्रत्येक मुलीला, हजेरी क्रमांकानं, वर्षातून एकदा समुपदेशकाकडे पाठवायचं. हुशार, खोडकर, गप्प, सगळ्या. मग आत जाणं ही खूण राहत नाही. जिला परत जायचंय ती जाईल. तालुक्यातल्या तीन-चार शाळांनी मिळून एक बाई नेमली तर खर्च झेपतो. तिनं नोंदी स्वतःच्या कुलपात ठेवायच्या, मुख्याध्यापिकेच्या कपाटात नाही. आणि टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून कुणी नंबर उतरवून घेत नाही.

निवृत्त_बाई

हजेरी क्रमांकाची युक्ती मला आवडली. माझा विरोध होता तो सिस्टरांना बाजूला सारण्याला, आणि तो अजूनही आहे. समुपदेशक आठवड्याचा एक दिवस येईल, उरलेले दिवस मुलीकडे लक्ष कुणाचं? त्यांना यात घ्यायलाच हवं.

माझी अट एकच. नेमाल ती बाई मालवणी समजणारी हवी. रडताना मुली पुस्तकी मराठी बोलत नाहीत.

किनारपट्टी

अट मंजूर. गणपतीनंतरच्या पालकसभेत चार गोष्टी लेखी देणार आहे: तीन शाळांत मिळून समुपदेशक, ऑफिसपासून दूरची खोली, शेवटच्या घंटेच्या आत आठवड्याचे दोन तास, आणि दहावीला खेळाचा तास कायम. सही करायला कोण कोण येणार ते इथं सांगा. दहावीची आई, तुमचं नाव मी धरलंय.

दहावीची_आई

धरा. सासूबाईपण येते म्हणतायत.