पाण्यातल्या माणसांच्या गोष्टी : तुमच्याकडे काय सांगायचे?

पुण्याच्या आसपास वाढलेल्या बऱ्याच जणांनी साती आसरांबद्दल ऐकलं असेल. डोहात, विहिरीत राहणाऱ्या सात जणी. काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसले की ते त्यांचं ठाणं. अशा पाण्याखालच्या लोकांबद्दल घरात जे ऐकलंत, पाहिलंत ते इथे लिहा. खरं-खोटं करत बसू नका; गोष्ट कानावर आली तशीच हवी आहे.

*

माझं माहेर मुळशीकडचं. बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर गेली की आसरांना हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या आणि दहीभात. माझ्या वेळी आईनं आधी काठावरचं शेवाळ खराट्यानं काढलं, मग सगळे दगड धुतले. सातवा जवळजवळ मातीत गेलेला, तो बोटांनी उकरून मोकळा केला. एकेकीला हळद लावताना म्हणत होती, "बाई, लेकराकडं बघ." भर दुपारी एकटं पोर पाण्यात उतरलं की ह्याच आसरा ओढतात, असंही आईच सांगायची. मला दोन्ही पटतं.

*

खडकवासल्याला पोहायला निघालो की आजी एवढंच म्हणायची, "कडेकडेनं राहा, आत आसरा आहेत."

*

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात आसरा नव्हत्या, महाभारत होतं. गंगाद्वारी स्नान करणाऱ्या अर्जुनाला उलूपी पाण्याखाली ओढते आणि कौरव्य नागाच्या घरी नेते. तिथे अग्नी प्रज्वलित असतो. अर्जुन आधी अग्निकार्य उरकतो, मगच विचारतो, तू कोण? पाण्याच्या तळाशी अग्नी! आजोबांना मी पुन्हा पुन्हा तेवढंच सांगायला लावायचो. पुढे भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (ती १९६६ मध्ये पूर्ण झाली) आदिपर्व उघडलं, तर अग्नी तिथेही होता. फार आनंद झाला.

त्याच पर्वात थोडं पुढे दक्षिण समुद्राकाठच्या तीर्थांत पाच मगरी आहेत, शाप मिळालेल्या अप्सरा. एक मगर अर्जुनाचा पाय धरते, तो तिला खेचून काठावर आणतो आणि ती वर्गा नावाची अप्सरा होऊन उभी राहते. आसरा म्हणजे मुळात अप्सराच, असं मानतात. म्हणून हा प्रसंग मला आपल्या विहिरींच्या फार जवळचा वाटतो.

*

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत होतो. घरात गाळ, भांडी वाहून गेलेली. कुणीतरी म्हणालं, आसरा कोपल्या. आजी दरवर्षी नदीवर त्यांची ओटी भरायची, ती उसळलीच. "धरण माणसांनी बांधलं. त्यांच्या नावावर कशाला घालता?" त्या वर्षीही तिनं ओटी भरली.

*

सातही जणींची नावं कुणाला ठाऊक आहेत का?

*

मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी सांगतात. आमच्या गावात मात्र नाव घेऊन कुणी बोलत नाही, सगळ्या मिळून 'बाया'.