पहिलीच नोकरी असलेल्या सहकाऱ्यांचा ताण : चमूप्रमुखाने काय करावे?

धागाकर्ता : माझ्या चमूतील बहुतेक जण पंचविशीच्या आतले आहेत. त्यांतील एक मुलगी पूर्वी बैठकांत हिरिरीने बोलत असे. अलीकडे मात्र ती कॅमेरा बंद ठेवते, मध्यरात्री ईमेल पाठवते आणि किरकोळ चुकीचीही पुन्हा पुन्हा माफी मागते. कंपनीने ध्यानधारणेचे ॲप दिले, एक व्याख्यानही ठेवले, पण फरक दिसत नाही. तिच्या खासगी आयुष्यात न डोकावता मी काय करू शकतो, याबद्दल कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १ : काम सोपवण्याच्या पद्धतीपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजार-वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार मानलेला नसून, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी अवस्था मानलेली आहे. त्यामुळे एकट्या कर्मचाऱ्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून भागत नाही. ‘जरा लवकर बघ’ एवढेच सांगितले, की नवखी व्यक्ती ते काम त्याच रात्री संपवायला बसते. त्याऐवजी ‘गुरुवारी दुपारपर्यंत, कच्चा मसुदा चालेल’ असे सांगावे. ‘कशी आहेस?’ याला ‘बरी आहे’ हेच उत्तर येते. ‘या आठवड्यात कोणते काम जड गेले?’ असे विचारावे आणि ती जे सांगेल त्यातले एखादे काम खरोखर कमी करावे, नाहीतर पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत आहे. याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे, तिचा आग्रह आपण कंपनीकडे धरावा. निदान करणे हे आपले काम नव्हे; बदल ओळखणे, मध्ये न बोलता ऐकून घेणे आणि तज्ज्ञांपर्यंत वाट दाखवणे हे आहे. समुपदेशनाची सोय असल्यास तेथील कोणती माहिती मनुष्यबळ विभागाकडे जाते, याची आधी खात्री करून तिला सांगावे, कारण नोकरीवर परिणाम होईल या धास्तीनेच अनेक तरुण तिकडे फिरकत नाहीत. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तिच्या बोलण्यात आली, तर आत्महत्येचे विचार येतात का, हे शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. अशा वेळी तिला एकटे न सोडता तातडीची वैद्यकीय मदत मिळवावी.

प्रतिसाद ३ : सुट्टी सुचवणार असाल, तर तेवढ्या दिवसांचे तिचे काम कोण करणार, हे आधी ठरवून तिला कळवा.