मोरजीला मागच्या अंगणावर छप्पर घालायचंय, ऊन आणि वारा दोन्ही सांभाळेल असं काय घालावं?

मोरजीची_सून
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. घर गोव्यात मोरजीला, समुद्र दिसत नाही पण रात्री गाज ऐकू येते इतका जवळ आहे. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, वर स्लॅब, आणि स्वयंपाकघराच्या मागे पश्चिमेला १० बाय १५ फुटांचं अंगण, लादी घातलेलं. शिगमो झाला की दुपारी तिथे अनवाणी पाय ठेववत नाही, स्वयंपाकघराची भिंत दिवे लागले तरी गरमच, आणि जूनमध्ये पाऊस आडवा येतो तो थेट दारातून आत. सासूबाईंचं मासळी कापणं, भाजी निवडणं, दुपारचं बसणं सगळं तिथेच, त्यामुळे छप्पर हवंच आहे. पण एप्रिल-मेमध्ये सोलं (आमसुलं) वाळत घालायला ऊनही लागतं.

दोन फॅब्रिकेटर बघून गेले. एक म्हणाला पॉलिकार्बोनेट, म्हणजे उजेड येऊ देणारी प्लास्टिकची शीट घाला, उजेड राहील, दुसरा म्हणाला कलरचा पत्रा. पण दोघंही म्हणाले की भिंतीत फास्टनर मारून अँगल लावतो आणि पुढे दोन खांब, एका दिवसात काम. मला भीती वाऱ्याची आहे. मे २०२१ च्या तौक्तेत आमच्या वाडीत एका शेडचा आख्खा पत्रा उडून शेजारच्या माडाला गुंडाळला गेला होता, तो माणसावर पडला असता तर काय झालं असतं. कोणी किनाऱ्याजवळ असं काम करून घेतलंय का, काय टिकलं, काय नाही ते प्लीज सांगा.

पर्वरी_गच्ची
ताई आमची गच्ची पठारावर आहे, वारा भरपूर. आम्ही कायमचं काही घातलंच नाही, हिरवी शेडनेट ७५ टक्केवाली, चार बाजूंनी दोरीने ताणलेली. फेब्रुवारीत चढवतो, मे संपायच्या आत उतरवून घडी घालून ठेवतो. जाळीतून वारा आरपार जातो त्यामुळे ताण कमी येतो आणि खाली पत्र्यासारखं भाजत नाही. पाऊस मात्र अडत नाही हे उघड आहे. तुम्हाला दोन्ही हवंय म्हणून मी म्हणेन अर्ध्यावर पक्कं छप्पर आणि अर्ध्यावर काढता येणारी जाळी.

फोंडा_फॅब्रिकेशन
ताई मी याच धंद्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला जे सांगितलंय त्यातली भिंतीतल्या फास्टनरची गोष्ट मला अजिबात पटलेली नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, उघड्या शेडला वरून येणारा भार फारसा नसतो, आपल्याकडे बर्फ पडत नाही, पत्रा हलका असतो. खरा भार खालून वर येतो. तुमचं अंगण पश्चिमेला आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून नैर्ऋत्येकडून, म्हणजे वारा शेडखाली शिरणार, समोर घराची भिंत, पुढे जायला वाट नाही, मग तो छप्पर वर ढकलणार आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी ओढणार. छत्री उलटी होते तसंच. आता आकडे बघा. इमारतींवरच्या भारासाठीचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या भाग ३ मध्ये पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब होतो चौरस मीटरला ९० किलोच्या वर. तुमचं अंगण जवळपास १४ चौरस मीटर, म्हणजे सगळं झाकलं तर वाईट वादळात सव्वा टनाची उचल धरून चालायचं, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन साठ-सत्तर किलो. पाइप धरले तरी दोन-अडीचशेच्या पुढे फार जात नाही. म्हणजे छप्पर जागेवर राहतं ते वजनामुळे नाही, खाली बांधून ठेवल्यामुळे राहतं.

आणि हे सगळं तुम्ही चिऱ्याला लटकवणार? चिरा सच्छिद्र असतो, मऊ असतो, एक्सपान्शन फास्टनर काँक्रीटमध्ये फुगून धरतो तसा चिऱ्यात धरत नाही, भोकाभोवतीचा चिराच भुगा होतो. पहिल्या वर्षी काही होत नाही, मग पत्रा थरथरत राहतो, भोक मोठं होत जातं आणि एके दिवशी अँगल भिंतीपासून सुटतो. घराला आरसीसीचा बीम असेल तर त्यात मारता येईल, नाहीतर आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला प्लेट. पण माझं स्पष्ट मत, घराला हातच लावू नका. चार खांबांवर स्वतंत्र उभी शेड करा, भिंतीच्या बाजूलाही दोन खांब. छप्पर स्लॅबच्या छज्जाखाली थोडं आत घ्या आणि छज्जा आणि पत्रा यात वीतभर फट ठेवा, तिथून कोंडलेला वारा निसटतो, गरम हवाही निघून जाते आणि पाऊस छज्जामुळे आत येत नाही.

खांबांच्या पायाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या कारण तो नंतर दिसत नाही आणि तिथेच पैसे वाचवले जातात. सव्वा टन चार खांबांत वाटलं तरी एका खांबावर तीनशे किलोच्या वर उचल. दीड फुटी खड्डा, म्हणजे दीड बाय दीड बाय दीड, त्यातल्या काँक्रीटचं वजन सव्वादोनशे किलो, म्हणजे कमी पडतं. दोन फुटी केलात तर पाचशे चाळीसच्या आसपास जातं, ते बरं. त्यात सळ्या आणि फाउंडेशन बोल्ट आधी बसवून घ्या, वर बेस प्लेट. नुसत्या लादीवर प्लेट ठेवून चार फास्टनर मारले तर लादी उखडून येईल. आणि खांब जमिनीत गाडू नका, लादीच्या वर सहा इंच तरी काँक्रीटचा कट्टा करून त्यावर उभा करा, लोखंड सडतं ते माती आणि पाणी जिथे भेटतं तिथेच.

पत्रा ०.५० एमएमचा घ्या. छप्पर उडायला लागतं ते मधून नाही, कडेवरून आणि कोपऱ्यातून, म्हणून कडेच्या पाइपावर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या पाइपांवर एक सोडून एक चालतो. रबरी वॉशरवाले स्क्रू, आणि वॉशर चेपून चपटा होईपर्यंत आवळू नका, तो तीन-चार उन्हाळ्यांत फाटतो. उतार दहा फुटांना पावणेदोन फूट ठेवा.

काणकोण_माड
पत्रा कशाला, मंगळुरी कौलं घाला! घराला शोभतात, खाली थंड राहतं, पावसाचा आवाज गोड येतो. सांध्यांतून हवा जाते म्हणून वाऱ्याचा दाबही तेवढा बसत नाही. आमच्याकडे पडवीवर कौलंच आहेत आणि दर वर्षी मे महिन्यात एकदा कौलं परतून घेतली की चार महिने बघायला नको.

फोंडा_फॅब्रिकेशन
दादा कौलांसारखं थंड दुसरं काही नाही हे मान्य. पण कौलांना उतार जास्त लागतो, दोनास एक तरी. ताईंचं अंगण १० फूट रुंद, म्हणजे घराकडून बाहेर ५ फूट उतरायला हवं. छज्जाखालून सुरू केलं तर बाहेरची कड डोक्याला लागेल. शिवाय चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास वजन, म्हणजे वासे-रिपा तशा जाड. मधे आढं घेऊन दोन्हीकडे उतार केला तर जमेल, पण मग घराच्या बाजूला पन्हळ येते आणि ती तुंबली की पाणी भिंतीत. आणि माकडं येत असतील तर वर्षभर कौलं बदलत बसावं लागतं.

मोरजीची_सून
फोंडा दादा, खूप खूप धन्यवाद, हे कोणीच सांगितलं नव्हतं. माकडं नाहीत पण दोन माड अगदी अंगणाला लागून आहेत. पॉलिकार्बोनेटचं काय मग? स्वयंपाकघरात काळोख होईल ही सासूबाईंची मोठी तक्रार आहे, पत्र्याचं नाव काढलं की त्या नाराज होतात.

फोंडा_फॅब्रिकेशन
माड लागून असेल तर पोकळ पॉलिकार्बोनेट नको. वाळलेलं चुडत (झावळी) वरून पडलं तरी भोक पडतं, नारळ तर सोडाच. उजेडाला एक उपाय आहे, पत्र्यांच्या रांगेत स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एकच पट्टी भरीव पॉलिकार्बोनेटची घ्या, दुधी रंगाची, माडापासून लांबच्या बाजूला. ती बसवताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. ज्या बाजूला यूव्हीची फिल्म आणि छापलेलं नाव असतं ती बाजू वर, उलटी बसली की लवकर पिवळी पडते आणि तडकते. आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायला लावा, कारण उन्हात दहा फुटी शीट सहा-एक मिलिमीटर वाढते, जागा नसली की कर्रकर्र आवाज करते आणि भोकापासून चीर जाते. माडांचे नारळ आणि चुडतं मात्र पाडेल्याकडून वेळेवर उतरवून घ्या.

वास्को_खारवारा
गंजाबद्दल लिहायलाच हवं. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत असलात तरी खारं वारं पोचतं. साधा काळा पाइप आणि वर एक हात रेड ऑक्साइड हे डिचोलीला चालेल, मोरजीला नाही. हॉट डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पाइप घ्या, जाडी ३ एमएमच्या खाली नको. वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका सांध्यातून सुरू होतो, म्हणून वेल्ड घासून साफ करून त्यावर झिंकवालं प्रायमर दोन हात, मग रंग. शक्य तिथे नट-बोल्टने जोडा. आणि पाइपांची तोंडं बंद करून घ्या, उघड्या तोंडातून पाणी आत जातं आणि पाइप आतून कुजतो, बाहेरून रंग चकाचक दिसत असतो. पावसाळा संपला की एकदा सगळं गोड्या पाण्याने धुऊन काढा, विशेषतः छप्पराची खालची बाजू, कारण वरचं मीठ पाऊस धुतो, खालचं तसंच राहतं.

ॲल्युमिनियमचं पर्गोला गंजत नाही हे खरं, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू मारले तर दोन धातूंच्या सांध्यात खाऱ्या ओलाव्यात खड्डे पडतात. स्क्रू स्टेनलेसचे, तेही ३१६ चे आणि मधे प्लास्टिकचा वॉशर.

डिचोलीची_ताई
सगळे वाऱ्याचं बोलतायत, उन्हाचं मी बोलते. ताई तुमचं अंगण पश्चिमेला आहे, तिथे नुसत्या छपराने भागणार नाही. गोव्यात मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तेवढ्यापुरती सावली छप्पर देतं. पण तीननंतर ऊन तिरकं खालून येतं आणि तुमची भिंत जी तापते ती याच उन्हाने. त्याला उभा आडोसा हवा. बांबूची चीक लावा, गुंडाळता येणारी. वारा सुटला की वर गुंडाळून बांधायची, कारण पश्चिमेची बाजू घट्ट बंद केलीत तर तिचंच शीड होईल. पूर्वी पावसाळ्यात आपल्याकडे चुडतांची विणलेली मल्लां लावायचे ना पडवीला, मातीची भिंत भिजू नये म्हणून, त्यातून वारा झिरपायचा आणि पाऊस अडायचा. आता विणणारी माणसं कमी झालीत पण पेडण्याच्या बाजूला चौकशी केलीत तर मिळतील, जरूर करा, प्लास्टिकच्या ताडपत्रीपेक्षा शंभर पटीने बरी, ताडपत्री रात्रभर फडफडून झोप मोडते.

पत्रा पांढरा किंवा फिकट घ्या, तो गडद विटकरी रंग दिसायला छान पण तापतो जास्त. पत्र्याखाली चार इंच जागा सोडून बांबूची चटई मारून घ्या, डोक्यावरची धग बरीच कमी होते, पावसाचा ताडताड आवाजही. आणि पुढच्या दोन खांबांवर पॅशनफ्रूटचा वेल चढवा, पश्चिमेचं ऊन अडतं आणि सरबताला फळं होतात. फक्त वेल पत्र्यावर जाऊ देऊ नका, पानं कुजून पन्हळ तुंबते.

सोलांसाठी मात्र आख्खं अंगण झाकू नका हं. पाच फुटांची पट्टी उघडी ठेवा, मेमध्ये सोलं, पापड, सुकी मासळी सगळ्याला लागते. तिच्यावर पर्वरीवाल्यांनी सांगितलेली जाळी, दुपारी ओढायची, सकाळी बाजूला.

मोरजीची_सून
सासूबाईंना हे वाचून दाखवलं, सोलांची पट्टी ठेवायची म्हटल्यावर त्या एकदम तयार झाल्या. आता असं ठरतंय की १० बाय १० वर चार खांबांची स्वतंत्र शेड, पांढरा पत्रा, खाली चटई, एक दुधी पट्टी, पश्चिमेला चीक, आणि उरलेल्या १० बाय ५ वर जाळी. दोन प्रश्न राहिले. परवानगी लागते का? आणि छपराचं पाणी कुठे सोडायचं?

वास्को_खारवारा
पंचायतीत आधी लेखी विचारा, घराच्या नकाशाची कॉपी घेऊन जा. चार खांब काँक्रीटमध्ये उभे राहिले की ते तात्पुरतं धरत नाहीत, आणि हद्दीपासून सोडायच्या जागेत येत असेल तर अडचण होते. तुम्ही समुद्राच्या इतक्या जवळ आहात, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडही, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, लागू होतं. काम सुरू केल्यावर शेजाऱ्याची तक्रार येण्यापेक्षा आधीच कागद हातात असलेला बरा.

पाणी विहिरीकडे न्या. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १० बाय १० च्या छपरावरून पंचवीस-तीस हजार लिटर. पन्हळीला जाळी लावून पाइप विहिरीशेजारी दगड-वाळूच्या खड्ड्यात सोडा, किनाऱ्याकडे एप्रिलमध्ये विहिरी मचूळ होतात तिथे गोडं पाणी जितकं मुरेल तितकं चांगलं.

फोंडा_फॅब्रिकेशन
शेड १० बाय १० केलीत तर उचल आठ-साडेआठशे किलोवर येते, पण खड्डे दोन फुटीच ठेवा, कमी करू नका. आणि कोटेशन चौरस फुटावर घेऊ नका, त्यात पाइप पातळ घातला तरी कळत नाही. पाइपाची साइज, जाडी, गॅल्वनाइज्ड की नाही, एकूण वजन किती किलो, पत्र्याची जाडी, स्क्रू कोणता, खड्ड्याचं माप, हे सगळं कागदावर लिहून मागा आणि माल आला की वजनकाट्याची पावती बघा. खड्डे भरायच्या दिवशी घरचं कोणीतरी उभं राहा, टेपने मोजून मगच काँक्रीट ओतू द्या. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका, मे महिन्यात सगळ्यांनाच पावसाळी शेड हवी असते, तेव्हा कुठलाही फॅब्रिकेटर घाईत असतो आणि काँक्रीटला पाणी मारायलासुद्धा थांबत नाही. सात दिवस पाणी मारा, त्याआधी खांब उभे करू देऊ नका.