क्रूझवरील बुफेचे जेवण प्रत्यक्षात कसे असते? : खानदेशातील प्रवाशांचे अनुभव

ओळखीपाळखीत क्रूझला जाऊन आलेले कोणी ना कोणी आता भेटतेच. भुसावळहून किंवा जळगावहून रात्रीच्या गाडीत बसावे, सकाळी मुंबईला सीएसएमटी गाठावे आणि तेथून जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून जहाजात चढावे, इतके ते सोपे झाले आहे. परतलेल्या माणसाला समुद्राविषयी कमी आणि जेवणाविषयीच अधिक विचारले जाते, आणि उत्तर बहुधा दोनपैकी एक येते: ‘पदार्थ खूप होते हो’ किंवा ‘आपल्यासारखे नव्हते’. या दोन्ही उत्तरांतून जेवणाचा दर्जा काही कळत नाही. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्रवाशांना आवाहन केले होते की, कोणता पदार्थ, कोणत्या वेळी, कोणत्या अवस्थेत ताटात आला, ते सविस्तर लिहावे. पदार्थांची संख्या मोजू नये, आणि तक्रार असल्यास कंपनीचे किंवा जहाजाचे नाव घेऊ नये. आलेले अनुभव पुढे देत आहे.

निवृत्त शिक्षिका, जळगाव

आम्ही नातेवाईक मिळून मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाने गेलो होतो. बहुतांश प्रवासी भारतीयच असल्यामुळे न्याहारीला पोहे, उपमा, इडली, पुरी-भाजी असे सारे ओळखीचे होते, त्यामुळे ‘काय खावे’ हा प्रश्न पडला नाही. ‘केव्हा खावे’ हा मात्र पडला. दालन उघडताच घेतलेले पोहे मऊ, वर कोथिंबीर हिरवीगार. तेच पोहे बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतले तर दाणा न् दाणा सुटा, कडेचे तर चक्क कुरकुरीत. पोळ्यांचे त्याहून विचित्र. त्या झाकणाच्या भांड्यात रचून ठेवलेल्या असत. वरची वाळून पापडासारखी झालेली, तळची वाफेने ओलसर, आणि मधल्या दोन-तीन तेवढ्या खाण्याजोग्या. मी चिमट्याने वरची थप्पी अलगद उचलून मधली पोळी काढू लागले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बाईंनी आधी माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि मग स्वतःही तेच केले.

सर्वांत उत्तम जेवण कोठे मिळाले असेल तर जैन पदार्थांच्या कोपऱ्यात. तेथे खाणारे कमी, त्यामुळे दुधीची भाजी, मूगडाळ, जिरे घातलेला भात हे सारे लहान भांड्यांत येई आणि संपले की नवे येई. आम्ही जैन नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून आमचा मुक्काम तेथेच असे. वरण सर्वत्र चांगले होते. चहाविषयी न लिहिलेलेच बरे.

केळी उत्पादक शेतकरी, रावेर तालुका

मुलाच्या आग्रहाने सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर गेलो. शिजवलेल्या अन्नावर मत देण्याचा माझा अधिकार नाही, परंतु फळांविषयी बोलता येते, आणि बुफेत निम्मे लोक काही ना काही फळ घेतातच.

केळीची फणी पाहताच माणूस जसा आपल्या गावचा माणूस ओळखतो तसे मला ओळखू आले की हे फळ कोठे तरी थंडीत सापडले आहे. केळी १३ ते १४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागतात. त्याखाली बराच काळ राहिली की सालीखालच्या शिरा तपकिरी पडतात, सालीचा पिवळेपणा धुरकट, मळकट होतो आणि आतला गर नीट पिकत नाही. पहिल्या दिवशी ठेवलेली केळी तशी मळकट पिवळी होती. चवीला पिठूळ, गोडी अर्धवट. दोन दिवसांनी मात्र दुसऱ्या पेटीतील केळी आली, ती सालीला चकचकीत आणि आतून व्यवस्थित पिकलेली होती. जात आपल्याकडच्या ग्रँड नैनच्याच घराण्यातली, म्हणजे कॅव्हेंडिश गटातली. त्यावरून माझे मत असे झाले की खरेदी वाईट नव्हती, साठवणीत कोठेतरी गडबड झाली. शीतगृहात जागा मर्यादित असली की द्राक्षे, सफरचंदे आणि केळी एकाच थंडीत ठेवण्याचा मोह होतो. सफरचंदाला जे मानवते ते केळीला मानवत नाही, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

कापलेल्या फळांचे गणित वेगळे आहे. कलिंगड, अननस, पपई, खरबूज बर्फावर मांडलेले असते, दिसायला देखणे, आणि तोंडात घातले की पाण्यासारखे. पुष्कळांनी तक्रार केली की फळे बेचव आहेत. मी एक प्रयोग केला: पपईच्या फोडी ताटात घेऊन जेवण होईपर्यंत तशाच बाजूला ठेवल्या आणि शेवटी खाल्ल्या. चव पुष्कळ सुधारली. अति थंड फळाची गोडी जिभेला कळतच नाही. खरबूज मात्र तरीही सुधारले नाही, कारण ते मुळातच कच्चे तोडलेले होते.

लग्नकार्यातील स्वयंपाकाचे व्यावसायिक, अमळनेर

हजाराची पंगत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर उठवणे हा आमचा रोजचा व्यवसाय असल्यामुळे मी जेवण्यापेक्षा मांडणीच अधिक पाहिली. पहिली गोष्ट ही लक्षात आली की भांडी उथळ होती आणि अर्धी भरलेली होती. कोणाला ती कंजुषी वाटेल, पण ते शहाणपण आहे. खोल भांड्यात तळाचे अन्न शिजत राहते आणि वरचे निवते; उथळ भांडे लवकर संपते आणि बदलता येते. शिवाय संपत आलेल्या भाजीवर नवी भाजी ओतताना मी तेथे कोणाला पाहिले नाही. भांडेच उचलायचे आणि दुसरे ठेवायचे. आमच्या धंद्यात किती जण हे पाळतात, हे येथे लिहिणे मला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट भरताची. एका दुपारी पाटीवर ‘बैंगन भरता’ असे वाचले आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने जे करावे तेच मी केले, म्हणजे सर्वांत आधी तेच वाढून घेतले. वांगे मऊ होते, मीठ बरोबर होते, तेल बेताचे होते. धूर मात्र औषधालाही नव्हता. तुराट्या-पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा करपट सुवास नसेल तर ते भरीत न राहता वांग्याची घोटलेली भाजी होते. आचाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की स्वयंपाकघरात ज्योतच नाही, वांगी भट्टीत भाजली आहेत. मग त्याला दोष कसा द्यायचा? कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे घातले असते तरी बरेच सावरले असते, असे त्याला सांगून आलो.

माझे एकंदर मत असे आहे की जे पदार्थ रसात मुरतात ते बुफेत चांगले लागतात: राजमा, छोले, डाळ, कोरमा, भाजून केलेले मोठे मांस. जे तव्यावरून किंवा कढईतून थेट पानात यायला हवे ते तेथे हरतात: भजी, पुरी, भेंडी, फुलका.

औषधविक्रेते, धुळे

भूमध्य समुद्रातील सफर होती. पाव, चीज, ऑलिव्ह आणि भाजलेली कोंबडी उत्कृष्ट. ‘भारतीय करी’ म्हणून जे होते त्याला काळ्या मसाल्याची सवय असलेल्या जिभेने करी म्हणवत नाही. ज्या मुलखातून जहाज जाते तेथले खावे, इतकेच सुचवतो.

रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, भुसावळ

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना सिएटलहून अलास्काची सफर केली. चवीविषयी धुळ्याच्या साहेबांशी सहमत आहे. मला लिहायचे आहे ते स्वच्छतेविषयी, कारण दर्जा म्हणजे केवळ चव नव्हे. परदेशी बंदरे करून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची तेथील रोगनियंत्रण संस्था, म्हणजे सीडीसी, अचानक तपासणी करते आणि १०० पैकी गुण देते. ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. हे अहवाल कोणालाही पाहता येतात. जावयांनी आरक्षणाआधी ते पाहिले होते, आणि कमी गुणांमागची कारणे वाचली तर पुष्कळदा शीतपेटीचे तापमान, भांडी धुण्याचे यंत्र, माशा अशी साधीच असतात.

दालनाच्या दाराशी एक कर्मचारी हात धुण्याच्या बेसिनकडे बोट दाखवत उभा असे. शेजारी सॅनिटायझरही होता, परंतु जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा जो नोरोव्हायरस, त्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही, साबण आणि पाणीच लागते. तरीही दहातले चार लोक बेसिनला वळसा घालून थेट चिमट्याला हात घालत. कर्मचारी हसतमुखाने पुन्हा बोट दाखवी. बुफेतील अन्न कितीही काळजीपूर्वक केलेले असले तरी त्याचा चिमटा शेकडो हातांत जातो, हे आपण विसरतो.

गृहिणी, चोपडा

आमचे घर शाकाहारी आहे, म्हणून चिमट्याविषयी मलाही लिहायचे आहे. पाट्या व्यवस्थित होत्या, शाकाहाराचे हिरवे चिन्ह होते, पदार्थही पुरेसे होते. पण कोंबडीच्या भांड्यातला चिमटा घेऊन एका गृहस्थांनी शेजारचे उकडलेले बटाटे उचलले आणि तो बटाट्यातच ठेवून ते निघून गेले. मी सांगितल्यावर तेथील मुलाने बटाट्याचे भांडेच उचलून नेले आणि नवे आणले, त्याला तोड नाही. पण मी पाहिले नसते तर? ज्यांना हे चालत नाही त्यांनी दालन उघडतानाच जेवावे, किंवा बसून वाढून घेण्याच्या भोजनगृहात आदल्या रात्री सांगून ठेवावे. आम्ही पुढे तसेच केले, आणि तेथे फुलके गरम मिळाले.

आणखी एक. ताटात टाकलेले अन्न पाहून जीव तुटत असे. चव पाहण्यासाठी म्हणून पाच प्रकारचे केक घ्यायचे आणि प्रत्येकाला एकेक चमचा लावून उठायचे. याला दर्जा काय करणार?

क्रूझच्या स्वयंपाकघरात काम केलेले तरुण, शहादा

हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन मी काही करार जहाजांवर केले आणि आता गावी परतलो आहे. वरचे अनुभव वाचले. बहुतेक निरीक्षणे अचूक आहेत, त्यांची कारणे सांगतो.

आगीच्या भीतीमुळे मी काम केलेल्या जहाजांवर सर्व स्वयंपाक विजेवर आणि वाफेवर होई, उघडी ज्योत नव्हती. म्हणून फुलका विस्तवावर फुगत नाही, पापड भाजता येत नाही आणि अमळनेरच्या काकांना धूर सापडला नाही. मोठ्या वाफेच्या हंड्यात डाळ मात्र फार सुरेख शिजते.

अमेरिकेच्या त्याच तपासणीच्या नियमांप्रमाणे गरम अन्न ५७ अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचे असते. रावेरच्या भाऊंची कापलेली पपई गारठलेली होती ती यामुळे, आणि जळगावच्या मॅडमचे पोहे वाळले तेही यामुळेच, कारण ५७ अंशांवर अन्न सुरक्षित राहते पण त्यातले पाणी उडत राहते. जे पदार्थ ठरावीक तापमानात न ठेवता वेळेची मर्यादा घालून ठेवायचे, त्यांच्यावर वेळ नोंदवली जाते आणि चार तासांनी ते टाकून द्यावे लागतात, चांगले दिसत असले तरी. टाकलेले अन्न दळून बारीक केले जाते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतके बारीक केले तरच ते किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येते; न दळलेल्यासाठी ती मर्यादा बारा मैलांची आहे, आणि भूमध्यासारख्या विशेष क्षेत्रांत नियम याहून कडक आहेत. चोपड्याच्या ताईंनी पाहिलेला केक शेवटी तेथे जातो.

मसाला कमी का, हेही अनेकांनी विचारले आहे. बुफेतील पदार्थ सर्व देशांच्या प्रवाशांसाठी असतो, त्यामुळे तिखट सर्वांत सौम्य जिभेला धरून घालतात. पुष्कळ जहाजांवर बुफे आणि भोजनगृह यांची पूर्वतयारी एकत्रच होते. फरक पडतो तो शेवटच्या दहा मिनिटांत, कारण भोजनगृहात ताट मागणीनंतर भरले जाते. त्यामुळे रात्री भोजनगृहात आणि सकाळी बुफेत जेवावे. बुफेतही समोर करून देण्याची जागा असते, डोसा, ऑम्लेट, पास्ता यांची. तेथे रांग असली तरी थांबावे.

घरून शिजवलेले अन्न जहाजात नेऊ देत नाहीत, सीलबंद कोरडा खाऊ बहुधा चालतो, म्हणून शेंगदाण्याची चटणी न्यायची असल्यास दुकानातील बंद पाकीट घ्यावे. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, नेऊ नयेत. ते तळून देण्याची विनंती मी स्वतः नाकारलेली आहे. ठेचा हवा असेल तर दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर, आचाऱ्याला सांगावे. हिरवी मिरची, लसूण आणि मीठ तव्यावर परतून द्यायला त्याला पाच मिनिटे लागतात, आणि तो गोव्याचा किंवा आपल्याकडचा निघाला तर थोडा स्वतःसाठीही ठेवून घेतो.