आजी मिरजेची, नात रेडिंगची: दोघींनी मिळून बघावी अशी नाताळची कार्टून फिल्म सुचवा

रेडिंगकरीण:
नमस्कार मंडळी. आई गणपतीच्या आधी आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला आली, जानेवारीत परत जाईल. लेक पाच वर्षांची. आईला इंग्रजी येत नाही. लेकीला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी इंग्रजीवर जाते. शाळेला सुट्टी लागली आहे, चार वाजताच अंधार पडतो आणि दोघी सोफ्यावर एका शालीत बसून असतात. परवा नाताळचा एक सिनेमा लावला, तर अख्खा वेळ मी आईला मराठीत सांगत बसले आणि दोघींचाही रस गेला. अर्ध्या तासाच्या आतली, आरडाओरडा नसलेली, दोघींना सारखीच कळेल अशी फिल्म आहे का? आईसमोर मला दुभाषी म्हणून बसायचं नाहीये.

सदाफुली:
माझी सगळ्यात आवडती म्हणजे 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस'. ९ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेत सीबीएसवर पहिल्यांदा दाखवली. खऱ्या लहान मुलांचे आवाज, मागे रेकॉर्ड केलेलं हसणं नाही, आणि विन्स ग्वाराल्डीचा जॅझ पियानो. चॅनेलच्या साहेबांना ती फार संथ वाटली होती, लोकांनी मात्र डोक्यावर घेतली. चकचकीत ॲल्युमिनियमची झाडं सोडून चार्ली एक काटकुळं रोप उचलून आणतो आणि त्यावर एकच गोळा टांगल्यावर ते पार वाकतं, तिथे मला अजून भरून येतं. पण तुमच्या आईंसाठी नको. तिची सगळी गंमत बोलण्यात आहे. लेक आठ-नऊ वर्षांची झाली की नक्की दाखवा.

पाऊलवाट:
तुम्हाला 'द स्नोमॅन'च हवी. सुरुवातीचं छोटं निवेदन आणि मधलं एक गाणं सोडलं तर एक शब्द नाही. (निवेदन आवृत्तीप्रमाणे बदलतं, एकीत गायक डेव्हिड बोवी आहे. ते पुढे ढकललंत तरी काही बिघडत नाही.) साधारण २६ मिनिटं. २६ डिसेंबर १९८२ ला चॅनेल फोरवर लागली, तेव्हा ते चॅनेल सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून ब्रिटनमध्ये दर नाताळाला लागते.

मुलगा दिवसा बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो, टोपी काढून अभिवादन करतो, आणि मुलगा त्याला पाहुण्यासारखा घर दाखवायला आत नेतो. चुलीला घाबरणारा पाहुणा! तो फळं नाकाच्या जागी लावून बघतो, झोपलेल्या आईबाबांच्या खोलीत जाऊन कवळी लावून बघतो. मग दोघं हातात हात घालून आकाशात उडतात आणि तिथे हॉवर्ड ब्लेकचं गाणं सुरू होतं. ते गायलंय पीटर ऑटी या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गायकवृंदातल्या मुलानं. पुष्कळांना तो आवाज आलेड जोन्स या दुसऱ्या मुलाचा वाटतो, पण त्यानं हेच गाणं नंतर गायलं, त्याची रेकॉर्ड १९८५ ची.

चित्रं रंगीत पेन्सिलींनी आणि खडूंनी काढल्यासारखी आहेत, त्यामुळे रंग सतत किंचित थरथरत राहतो. आईंना सांगा, त्या थरथरीकडे बघा. बर्फ पडताना कागदच श्वास घेतोय असं वाटतं.

रेमंड ब्रिग्जच्या मूळ पुस्तकात (१९७८) नाताळ नाही, सांताक्लॉजही नाही. ते फिल्मवाल्यांनी घातलं. पण शेवट पुस्तकातलाच ठेवला, आणि माझ्या मते चाळीस वर्षं ती टिकली ती त्यामुळेच. सकाळी ऊन पडतं, मुलगा धावत बाहेर येतो, आणि अंगणात टोपी, मफलर, कोळशाचे खडे आणि नाकाचं संत्रं. बस. कोणी समजूत काढायला येत नाही.

चिंचपाणी:
फिल्म सुंदरच आहे, पण पाच वर्षांची आहे ना लेक? माझा मुलगा या शेवटाला इतका रडला की रात्री जेवला नाही. उडून परत येतात तिथेच बंद करा.

पाऊलवाट:
चिंचपाणी, तुमची काळजी पटते, पण बंद नका करू. तो मुलगा खिशात हात घालतो आणि सांतानं दिलेला मफलर त्याच्या हाताला लागतो. म्हणजे रात्रीचं सगळं खरं होतं. हे बघितलं नाही तर मुलाच्या हाती फक्त उडणं राहतं. शेजारी बसा, रडली तर रडू द्या.

रेडिंगकरीण:
काल रात्री बघितली, शेवटपर्यंत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

कवळीच्या प्रसंगाला आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, कारण तिची स्वतःची रात्री वाटीत असते आणि नात रोज ती बघायला जाते. उडताना दोघी गप्प. शेवटी लेक रडली नाही, पण बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग आजीकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "तो कुठे गेला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "आपला गणपती कुठे गेला, बादलीत?" आमची मूर्ती शाडूची, दीड दिवसाची. ती विरघळायला दोन दिवस लागले आणि लेक दर तासाला वाकून बघत होती. "कुंडीत," लेक म्हणाली. ते पाणी आम्ही खिडकीतल्या तुळशीला घातलं होतं. मग दोघी उठून तुळस बघून आल्या. मी सोफ्यावरच बसून राहिले.

आज सकाळपासून आजीचा मफलर लेकीच्या खिशात आहे, परत द्यायला तयार नाही. संध्याकाळी पुन्हा लावायची आहे.

सदाफुली, चार्ली ब्राउन कुठे बघायला मिळेल तेही सांगून ठेवा.

सदाफुली:
२०२० पासून ॲपल टीव्हीवर आहे. आईंना नमस्कार सांगा.