शमिताचं वर्ष नक्की कुठलं? एका वर्षाचा घोळ सुटत नाहीये

रास्तापेठ_सायकलवाला: परवा कॅम्पातल्या लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगवरून जाताना मित्राशी वाद झाला, पैजच लागली. ज्यू लोक दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचे ते शमिता, आणि अशी सात झाली की ५०वं वर्ष योबेल, इथवर ठीक. पण इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, त्याच्या जवळचं शमिता मित्र म्हणतो ६८-६९, मी वाचलं ६९-७०. एवढी मोठी घटना आणि वर्ष चुकतं कसं राव? आणि योबेल ४९ वर्षांनी का ५०?

जुनी_वही: दोन्ही छापलेलं आहे. शमितांची वर्षं मांडणाऱ्या झुकरमान या अभ्यासकाच्या तक्त्यात ६८-६९, वाखोल्डर या दुसऱ्या अभ्यासकाने १९७३ मध्ये सगळं एक वर्ष पुढे सरकवलं. भांडणाचं मूळ एक शब्द. सेदेर ओलाम नावाच्या ज्यूंच्या जुन्या ग्रंथात मंदिर पडलं तो काळ ‘मोत्साए श्वीइत’ म्हटलाय, म्हणजे सातवं सरतानाचा. आता सरतानाचा म्हणजे सातव्याचे शेवटचे महिने का सरल्यावरचं पुढचं वर्ष? त्यात त्यांचं वर्ष तिश्री महिन्यात, आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं आणि मंदिर पडलं ऑगस्टच्या सुमाराला, वर्ष सरायच्या तोंडावर. म्हणून पहिला अर्थ घेतला तर शमिता ६९-७०, दुसरा घेतला तर ६८-६९.

गतशक: हे आपल्या पंचांगासारखंच आहे की, शक चैत्रात बदलतो आणि गुजराथ्यांचा संवत कार्तिकात, वरून गत वर्ष का चालू वर्ष हा वेगळाच ताप. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ज्यूंच्या उठावाच्या जुन्या इतिहासात, बेथ-सूर गावाच्या वेढ्यात सातवं वर्ष म्हणून धान्य संपलं असं सरळ लिहिलंय, पण वेढ्याचं साल सेल्युकीय १५०, म्हणजे ग्रीक सेल्युकीय राजांच्या शकातलं. ते इ.स.पू. ३१२ च्या शरदापासून मोजायचं का ३११ च्या वसंतापासून, इथेच गाडी अडते.

आठ_दिवसांनी_या: योबेलचं सांगतो. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा सातच दिवस असतात ना, सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून. तसंच. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) यहूदाचं म्हणणं की ५०वं वर्ष हेच पुढच्या फेरीचं पहिलं, म्हणजे फेरी ४९ चीच. बाकीचे म्हणतात ५०वं वेगळं धरा, मग सातांची रांग दर योबेलला एकेक वर्ष सरकणार. आजची शमिता मात्र सोपी, हिब्रू सालाला ७ ने पूर्ण भाग जायला हवा. ५७८२ गेलं, ते २०२१-२२. पुढचं २०२८-२९.

रास्तापेठ_सायकलवाला: २०२१ मधून २७९ साते वजा केले. ६८ आले 😭 मित्र जिंकला, मिसळ माझ्याकडून.

जुनी_वही: अरे थांब, एवढ्यात पाकीट काढू नकोस. आजची गिनती मागे नेली की ६८-६९ येणारच, पण तेव्हाचे लोक हीच रांग धरून होते हे त्याने कुठे सिद्ध झालं? मृत समुद्राजवळ वादी मुरब्बातला एक कर्जरोखा सापडलाय, रोमन सम्राट नीरोच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा, त्यात शमिताचा उल्लेख आहे. ते साल ५५-५६ येतं आणि सातासातांनी पुढे मोजलंस तर बघ कुठे पोचतोस. मित्राला सांग तो रोखा वाच आधी, मग मिसळ.